चिठ्ठी पाळलेली बाग

द्राक्षाच्या वेलीला आज किती भूक आहे, हे सांगण्याचा मी पगार घेत असे. जवळजवळ वीस वर्षं घेतला. या वीस वर्षांत एकाही वेलीनं माझी तक्रार केली नाही, त्यामुळे आपल्याला त्यातलं कळतं असा माझा समज वाढतच गेला. तक्रारी माणसं करायची. पण माणसं काय, कशाचीही करतात, असं म्हणून मी फटफटीला किक मारायचो आणि पुढच्या गावाला जायचो.

काम आधी समजावून सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही ते अजून समजलेलं नाही. तो मला पाइप विकणारा समजतो. नव्वदच्या दशकात नाशिककडच्या द्राक्षबागांत ठिबक शिरलं. त्याआधी पाणी पाटानं द्यायचे आणि खत वर्षातून दोन-तीनदा वेलीच्या बुडाशी चारी काढून तीत पुरायचे. ठिबक आल्यावर प्रत्येक ओळीला एक काळी नळी आली, प्रत्येक वेलीपाशी तिला एक बारीक तोटी, आणि तोटीतून थेंब थेंब पाणी. मग पाण्यातूनच खत सोडायची पद्धत आली. पंपाशेजारी दोनशे लिटरचा निळा ड्रम ठेवायचा, त्यात विरघळणारं खत ढवळायचं, आणि पाण्याच्या ओढीनं ते नळीत जाऊन मुळाशी पोचायचं. म्हणजे वर्षातून दोन पंगती घालण्याऐवजी वेलीला रोज घास भरवायचा. आता घास केवढा? एकरी रोज अर्धा किलो, एक किलो, की दोन? आणि कुठल्या खताचा? हे ज्याला कळतं तो साहेब. शेतकरी मला ‘डोसवाले साहेब’ म्हणायचे.

मी ठिबक बसवणाऱ्या एका कंपनीत सल्लागार होतो. आमचं ऑफिस पंचवटीत, अशा एका गल्लीत, की तिथे रिक्षा शिरली की सायकलवाल्याला कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. शेजारी एक गुरुजी राहायचे. त्यांच्याकडे आलेले यजमान चुकून आमचा जिना चढायचे आणि विचारायचे, ‘‘किती द्यायचं?’’ आमच्याकडे येणारे शेतकरीही हेच विचारायचे. गुरुजी समोरच्याची ऐपत बघून सांगायचे. मी पुस्तक बघून सांगायचो.

पुस्तक मुख्य ऑफिसातून आलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, कुठल्याशा वाळवंटी मुलखातल्या द्राक्षबागांचे. तिकडे म्हणे वाळूत द्राक्षं पिकवतात. त्यात प्रत्येक आठवड्याचा डोस हेक्टरी दिला होता. मी तीन रविवार बसून त्याचे एकर केले, दिवस पाडले, मराठी केलं आणि एका पानात बसवलं. आमच्या सौभाग्यवती नाशिकरोडच्या घरात तेव्हा पोहे आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, ‘‘तुम्हाला चहात साखर किती ते अजून कळत नाही, आणि त्या वेलींना तुम्ही सांगणार!’’ मी त्यांच्याकडे शास्त्रज्ञाच्या करुणेनं बघायचो.

त्या पानाला लोक ‘चिठ्ठी’ म्हणायचे. माझी चिठ्ठी माझ्या फटफटीपेक्षा जोरात फिरायची. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. एकदा सटाण्याकडच्या एका अनोळखी शेतकऱ्याचा फोन आला. ‘‘साहेब, तुमनी चिठ्ठी माले भेटनी. पन मना बाग डाळिंबना शे. चालई का?’’ मी त्याला सांगितलं की चालणार नाही, ती द्राक्षाची आहे. फोन ठेवल्यावर मात्र दिवसभर माझी छाती फुगलेली होती. सटाण्यापर्यंत पोचलो म्हणजे काय!

छाती फुगायला खरं तर काही कारण नव्हतं, कारण सुरुवातीलाच मी एक दिवा लावून बसलो होतो. मखमलाबादकडच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याला मी वेळ वाचवायची युक्ती सांगितली. चुन्याचं खत आणि फॉस्फरिक आम्ल एकाच ड्रममध्ये टाका, दोनदा ढवळायला नको. त्यानं टाकलं. ड्रममध्ये पांढरा साका धरला, तो नळ्यांत गेला आणि सगळ्या तोट्या बंद झाल्या. पुढचे चार दिवस त्याचं अख्खं घर टाचण्या घेऊन तोट्या टोचत बसलं होतं. मी भेटायला गेलो तर तो ड्रमचं झाकण उघडून म्हणाला, ‘‘साहेब, हे दही कुणाला वाढायचं?’’ मी त्याच्याबरोबर दोन तास टाचणी घेऊन बसलो. पण परत येताना मनाची समजूत घातली की चूक मिश्रणाची होती, डोसाची नव्हती. आपला डोस बरोबरच आहे.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो.

दिंडोरी रस्त्याला आत वळलं की एक गाव लागतं. तिथे केदूआबांची दोन एकर बाग होती आणि बांधाच्या पलीकडे पुंजादादांची दोन एकर. जमीन तीच काळी, वाण तोच, ठिबक आमच्याच कंपनीचं, एकाच आठवड्यात बसवलेलं. चिठ्ठीही एकच, मी स्वतः दोघांच्या हातात दिलेली. केदूआबा साठीचे, आवाजानं मोठे, बागेतलं पान हललं तरी ते आपण हलवलं असं सांगणारे. पलीकडे पुंजादादांनी बागेचं काम धाकट्या भावाकडे, विलासकडे दिलं होतं. म्हणजे पूर्ण दिलं नव्हतं. दादांचा पाटाच्या पाण्यावर विश्वास होता, कांद्यावर त्याहून जास्त. विलासनं वर्षभर मागे लागून ठिबक करायला लावलं होतं. दादा माझ्यासमोरच त्याला म्हणाले होते, ‘‘हे बघ, ह्या छाटणीला माल लागला तर बाग तुझी. म्या परत तोंड घालणार नाय. आन नाय लागला तर बाग काढायची, कांदा लावायचा, आन तू सातपूरला कंपनीत जायचं. मामानं सांगून ठेवलंय तिथं.’’

विलास बारावी सायन्स झालेला, अबोल, हातानं नीटस पोरगा. त्यानं रविवारच्या बाजारातून जुना तराजू आणला होता. माझ्या चिठ्ठीतला डोस तो त्यावर तोलून, फडक्यानं गाळून ड्रममध्ये सोडायचा आणि वहीत लिहायचा. तारीख, वार, खत, वजन, मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद. मला म्हणायचा, ‘‘साहेब, तुमी सांगितलंय ना, मग एक ग्राम हिकडं नाय का तिकडं नाय.’’ माझ्या सगळ्या नोकरीत माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला नाही. घरात तर नाहीच.

इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नाशिकच्या द्राक्षवेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलात खरड छाटणी, तिच्यानंतर नुसत्या काड्या वाढतात. ऑक्टोबरात दुसरी, तिच्यानंतर नव्या फुटीबरोबर घड बाहेर पडतात. पण ऑक्टोबरात दिसणारा घड खरा धरतो तो जूनच्या सुमारास, काडीवरच्या डोळ्याच्या आत, कुणाला न दिसता. त्या दिवसांत वेलीला नत्र जास्त झालं तर ती माजते. पानं काळीभोर होतात, शेंडे धावत सुटतात आणि घड धरायचं राहून जातं. मग ऑक्टोबरात घडाच्या जागी बाळ्या निघतात. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा वेलीचा तो बारीक तंतू. तिला ना फूल ना फळ. हे सगळं मला ठाऊक होतं. परीक्षेत यावर मला चांगले गुणही मिळाले होते. जास्त म्हणजे नेमकं किती, एवढंच परीक्षेत विचारलं नव्हतं.

जूनमध्ये मी दोन्ही बागांत चक्कर टाकली. विलासची बाग बघून डोळे निवले. पानं तळहाताएवढी, काळीशार, शेंडे मांडवाच्या वर डोलतायत. बांध ओलांडून आबांकडे आलो तर पानांवर पोपटी झाक, शेंडे जागच्या जागी थांबलेले. मी आबांना झापलं.

‘‘आबा, डोस कमी पडतोय का? चिठ्ठी पाळताय ना? जरा पलीकडे विलासकडं बघा!’’

‘‘तुमी सांगता तेवढं समदं जातंय साहेब,’’ आबा गरजले. ‘‘म्या सोता मोटर चालू करतो!’’

आबांच्या बायको, भागाकाकू, तेव्हा विहिरीजवळ म्हशींना पाणी दाखवत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वेलीच्या शेंड्याकडे पाहिलं, आणि चहा टाकायला घरात गेल्या. चहात साखर अगदी माफक होती, हेही मला आठवतं, कारण मी अजून एक चमचा मागितला होता.

ऑक्टोबरची छाटणी झाली. अठरा-वीस दिवसांनी मी पुन्हा गेलो. आबांच्या बागेत फुटीफुटीला दोन दोन घड. आबा मांडवाखाली असे उभे होते की जणू ते घड त्यांनी स्वतः रात्री बसून बांधलेत. बांध ओलांडला. विलासच्या बागेत या टोकापासून त्या टोकापर्यंत बाळ्या. दहा वेलींमागे एखादा घड, तोही नावाला. विलास एका ओळीत उभा होता. त्याच्या हातात वही होती. पुंजादादा होते, शेजारपाजारचे पाच-सहा जण होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी काय करायला हवं होतं? खाली बसून माती हातात घ्यायला हवी होती. त्याऐवजी मी बांधापलीकडे बोट केलं. तीच जमीन, तोच वाण, तीच चिठ्ठी, मधे फक्त बांध. तिकडे घड, इकडे बाळ्या. मग फरक कशात? फरक चिठ्ठी पाळण्यात. असं माझं गणित होतं आणि त्यात मला कुठेच भोक दिसेना.

‘‘विलास, तू मनानं डोस वाढवलास,’’ मी म्हणालो.

‘‘नाय साहेब. वही बघा.’’

मी वही बघितली. स्वच्छ अक्षर, एकही दिवस सुटलेला नाही. आणि मी त्या सहा माणसांत म्हणालो, ‘‘वही काय, कुणीही लिहितं.’’

विलासनं वही मिटून काखेत धरली. दादा बोलले, आणि माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. ‘‘ऐकलं का?’’ एवढंच.

आमच्या कंपनीत तेव्हा ‘शिवार फेरी’ नावाचा उत्सव असायचा. एखाद्याची बाग चांगली साधली की तिथे मांडव घालायचा, पंचक्रोशीतले शेतकरी बोलवायचे, बाग दाखवायची, भाषणं, जेवण. केदूआबांच्या बागेत फेरी ठरली. माझे मोठे साहेब येणार होते. पुंजादादा मला म्हणाले, ‘‘येतो आमी फेरीला. तिथं कळंल ना विलासचं नेमकं काय चुकलं ते. त्यावरच बागेचं ठरवतो.’’ मी म्हणालो, ‘‘जरूर या.’’

फेरीच्या दिवशी सकाळी लवकर मी आबांकडे पोचलो. आबा नवा फेटा बांधून घेत होते. सतरंज्या आतल्या खोलीत आहेत म्हणून मी तिकडे गेलो, तर भागाकाकू माझ्या मागोमाग आल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘‘साहेब, येक इच्यारू का? ह्याचं काय करायचं? दगड झालाय त्याचा.’’

त्यांनी धान्याच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उचललं. कोठीत धान्य नव्हतं. पांढरे खडे होते, गठ्ठे होते, अर्ध्याहून वरपर्यंत. मी एक खडा उचलून ओल्या बोटांत चोळला. बोटं गार पडली. युरिया विरघळताना असाच गार लागतो. त्याखाली एकोणीस-एकोणीस नावाच्या विरघळणाऱ्या खताचे गठ्ठे होते. माझ्या चिठ्ठीतलं खत होतं ते.

‘‘काकू, हे इथं कसं?’’

‘‘आवो, ड्रम तर मीच भरते ना. हे मोटर चालू करून चावडीवर जात्यात.’’ मग जरा लाजल्यासारखं करून म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं दळायला दाणे काढले ना, की त्यातली मूठ परत कोठीत टाकायची रीत हाय. समदं काढून न्यायचं नसतं. माझ्या सासूनं लावलेली सवय. तुमी तीन मापं सांगितली, मी त्यातलं येक माघारी टाकलं.’’

‘‘पण एवढं? हे तर निम्म्याच्या वर आहे.’’

‘‘पुढं पुढं जास्त ठेवलं. सकाळी शेंडा बघायची मी. शेंडा ताठ पळतोय, कांडी लांब पडतीय, म्हंजी पोट भरल्यालं हाय. मंग कशाला वाढायचं? पोट भरल्यावर कोंबलं तर लेकरू वकतं. त्या मिरगाच्या टायमाला तर मी चार-पाच हप्ते नुसतं पाणीच सोडलं. ह्यांला सांगू नका, रागावत्याल. पन आता हे भिजवून वांग्याला चालंल का?’’

मी कोठीच्या कडेला धरून उभा होतो. तीन रविवार बसून केलेलं गणित माझ्या डोळ्यांसमोर होतं. गणितात चूक नव्हतीच. हेक्टरचे एकर बरोबर होते. पण पुस्तक वाळूचं होतं. वाळूत काही टिकत नाही, म्हणून तिकडे रोज ओतावं लागतं. आमची काळी जमीन दिलेलं सगळं पोटात धरून ठेवते, वर इथले शेतकरी बांधावरून ट्रॉल्या भरभरून शेणखत घालतात. ते मी कुठेच वजा केलं नव्हतं. दोन्ही बागांत फरक चिठ्ठी पाळण्याचाच होता. आबांच्या बागेनं ती पाळली नव्हती, म्हणून तिथे घड होते.

आणि विलासनं पाळली होती. ग्रामभर इकडे नाही, ग्रामभर तिकडे नाही.

मांडव भरला. मोठ्या साहेबांना फेटा बांधला, आबा-काकूंना शाल आणि नारळ दिला. मी भाषणाला उभा राहिलो. विलास मधल्या खांबाला टेकून बसला होता, मांडीवर वही. त्याच्या शेजारी पुंजादादा. मी काय बोलायचं ते सतरंज्या आणताना पक्कं केलं होतं. ‘माझी चिठ्ठी चुकली. विलासचं काही चुकलं नाही.’ दोन वाक्यं. पाठ करायलाही नकोत.

माझ्या तोंडून जे निघालं ते असं: ‘‘आमच्या या भागातल्या अभ्यासातून असं दिसून आलंय, की काळ्या जमिनीत डोस बराच कमी करायला हवा. शेंड्याची वाढ बघून, आणि जूनच्या सुमारास नत्र जवळजवळ बंद. तशी सुधारित चिठ्ठी आम्ही देत आहोत.’’ टाळ्या झाल्या. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. भागाकाकूंची चार वाक्यं मी शास्त्राच्या भाषेत म्हटली आणि ‘आमचा अभ्यास’ म्हणून टाकली. एवढं सफाईदार चोरीचं काम मी पुढे कधी केलं नाही. गरज पडली नाही, तेवढ्यावरच निभावलं.

मागून एक म्हातारा उठला. ‘‘साहेब, ते समदं बराबर. पन मंग विलासचं काय चुकलं?’’

सगळा मांडव माझ्याकडे वळला. विलासही बघत होता. मोठे साहेब खुर्चीत जरा पुढे सरकले. तेव्हा माझी चिठ्ठी शेकडो बागांत होती. मनात आलं, इथे कबूल केलं तर उद्या प्रत्येक बाळीचा जाब मलाच द्यावा लागेल. मी चष्मा काढला, पुसला, घातला.

‘‘प्रत्येक बागेचं कारण वेगळं असतं,’’ मी म्हणालो.

वाक्य खोटं नव्हतं. असल्या वाक्यांवर मी वीस वर्षं नोकरी केली. म्हातारा खाली बसला. पुंजादादांनी टोपी नीट केली आणि जेवणाची वाट न बघता उठून गेले. विलास त्यांच्या मागून गेला.

जेवताना भागाकाकू वाढायला आल्या. माझ्या पानात वरण घालताना हळूच म्हणाल्या, ‘‘साहेब, म्या तर कमी टाकलं व्हतं. त्या पोरानं पुरं टाकलं. तुमी त्याला सांगितलं नाय?’’

‘‘सांगतो काकू. निवांत सांगतो.’’

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

निवांत व्हायला मला अकरा दिवस लागले. मोठ्या साहेबांचा दौरा होता, मग सुधारित चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स होत्या, मग घरी पाहुणे. कारणं मला कधी कमी पडली नाहीत, तो डोस माझ्याकडे भरपूर असायचा. बाराव्या दिवशी गेलो. रस्त्यावरूनच दिसलं. बांधाच्या अलीकडे आबांची हिरवी बाग, पलीकडे उघडं आकाश. वेली बुडापासून कापून एका कडेला ढीग लावला होता. तारा गुंडाळून ठेवल्या होत्या. विलास एकटा उकिडवा बसून ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. मला बघून उभा राहिला.

‘‘या साहेब. ह्या नळ्या कांद्याला चालतील का हो?’’

मी म्हणालो, ‘‘विलास, तुझं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठी चुकली होती.’’ आणि मग सगळं सांगितलं. वाळूचं पुस्तक, काकूंची कोठी, सगळं. तो ऐकत राहिला. नळी हातातच होती.

‘‘मला म्हाईत व्हतं साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘म्या पुरं टाकलं व्हतं, ते मला म्हाईत नसंल का? आन तिकडं घड आले म्हंजी तिकडं पुरं टाकलं नाय, येवढं तर कळतं.’’

‘‘मग मांडवात बोलला का नाहीस?’’

‘‘तुमच्या म्होरं?’’ एवढंच म्हणाला तो. रागानं नाही. मला खरंच वाटतं की त्यात राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी जाऊन पुंजादादांना तेच सांगितलं. त्यांनी मला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर कापलेल्या बागेकडे बघत म्हणाले, ‘‘साहेब, हे त्या दिवशी तुमी चार माणसांत बोलले असते तर म्या बाग ठेवली असती. माल नाय आला तरी ठेवली असती. पोरगं खोटं बोलतं म्हणून काढली म्या ती. भावानं खोटं बोलावं, ते सहन नाय झालं.’’ ते भावाला हाक मारायला उठले, पण दारातच थांबले. काय म्हणून हाक मारावी ते त्यांना सुचेना बहुतेक.

विलास महिन्याभरात सातपूरला लागला. शिफ्टची नोकरी. दादांनी थांब म्हणून सांगून पाहिलं, पण तो थांबला नाही. त्या जमिनीत पुढे कांदाच होत राहिला. मला सुधारित चिठ्ठीबद्दल बढती मिळाली. त्या चिठ्ठीनं पुष्कळ बागांत घड आणले, हे मी आजही अभिमानानं सांगू शकतो, फक्त ‘मी’ म्हणताना जीभ जरा अडखळते. पुढे भागाकाकूंकडून मी शेंडा बघायला शिकलो. दर एप्रिलनंतर दोन-तीनदा जायचो, त्या माझ्याबरोबर ओळीतून फिरायच्या आणि म्हणायच्या, ‘‘हा बघा, ह्याला भूक हाय. ह्याला नाय.’’ मला पंधरा वर्षांत निम्म्या वेळा बरोबर ओळखता यायला लागलं. काकू त्यावर फार समाधानी नव्हत्या.

विलास कधीतरी नाशिकरोडला भेटतो. आता त्याचे केस पिकलेत. ‘‘साहेब, तब्येत कशी?’’ म्हणून विचारतो, आणि चहाला थांबवतो. गावात मात्र अजून कुणी द्राक्षाचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, पुंजादादाच्या भावानं मनानं खत घातलं आणि बाग घालवली. मागे एका लग्नात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. बोलणारा मला ओळखत नव्हता. मी पान घेऊन दुसऱ्या पंगतीला जाऊन बसलो.

दादा आता नाहीत. केदूआबा नाहीत, काकूही नाहीत. मोठे साहेब निवृत्त होऊन कुठे गेले माहीत नाही. ज्यांच्यापुढे बोलायची मला तेव्हा भीती होती त्यातलं कुणीच उरलेलं नाही, म्हणजे आज हे लिहायला फारसं धाडसही लागत नाही. तरी चार माणसांत सांगायचं राहिलं होतं, आणि ज्या अंकात हे छापून येईल तो चार माणसं तर वाचतीलच. त्यात त्या गावचं कुणी असेल तर त्यानं घरी मोठ्यानं वाचून दाखवावं. त्या वर्षी विलासनं चिठ्ठी तंतोतंत पाळली होती. त्याची वही खरी होती.